काढलेला ऑक्सिजन

"बाटलीवरचं लेबल कुठं आहे?" नर्स दुर्गेश्वरीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"लेबल कायचं जी, पान्याची साधी बाटली होय ते," शेजारी ओमेश म्हणाला. "मीच अर्धी भरून देल्लो होतो. धुऱ्यावरचं गवत माराले."

खाटेवर चैतराम पाय खाली सोडून बसला होता, कुणाला तरी भेटायला आल्यासारखा. सकाळी धानाच्या बांधीच्या कडेनं, धुऱ्यावर फवारताना त्याला तहान लागली आणि पाण्याची समजून त्यानं हीच बाटली तोंडाला लावली. एक घोट पोटात गेला, दुसरा त्यानं थुंकला. मग दोनदा उलटी झाली. आता नुसतं तोंड जळत होतं. एवढ्यासाठी ओमेशनं मोटरसायकलवर घालून तलावाकाठच्या या छोट्या दवाखान्यात आणलं, याचीच त्याला लाज वाटत होती.

विषबाधेचा पेशंट म्हणून दुर्गेश्वरीनं सवयीनं आल्याआल्या ऑक्सिजनचा मास्क लावला होता. तो बघून चैतरामची बायको रुख्मिणी जरा सावरली होती. करोनात तिचा भाऊ ऑक्सिजननंच वाचला होता.

डॉक्टर योगराज बैठकीसाठी गोंदियाला गेले होते. भिंतीवरच्या तक्त्यात कीटकनाशकाच्या विषावरचं औषध होतं, पण चैतरामच्या बुबुळांत, लाळेत तसं एकही लक्षण नव्हतं. दुर्गेश्वरीनं भरायला घेतलेलं इंजेक्शन खाली ठेवलं. मोबाईलवर शोधलं, तर एका ठिकाणी दूध पाजा, दुसरीकडे मिठाचं पाणी पाजून उलटी करवा. अकरा वर्षांच्या नोकरीत तिनं असल्या सल्ल्यांनी बिघडलेले पेशंट पाहिले होते.

ओमेशनं कृषी केंद्रवाल्याला फोन लावला. तो हसला. "अरे, गवताचं औषध आहे, माणसाले काही होत नाही. ताक पाजा."

दुर्गेश्वरीनं फोन हिसकावूनच घेतला. "दुकानात त्याचा डबा असेल ना? त्यावरचं रसायनाचं नाव वाचा. मोठ्या अक्षरातलं नको, खाली बारीक लिहिलंय ते."

"चष्मा पाहा लागते, मॅडम."

"पाहा. मी थांबते."

त्यानं एकेक अक्षर वाचलं, तिनं तळहातावर लिहिलं. पॅराक्वॅट.

प्रशिक्षणात दिल्लीच्या विषमाहिती केंद्राचा नंबर मिळाला होता, तो तिनं लावला. तिकडच्या डॉक्टरनं स्पेलिंग दोनदा विचारलं. रंग कसा, किती वाजता, वजन किती. मग म्हणाला, "सिस्टर, ऑक्सीजन लगाया है क्या?"

"हाँ सर."

"सॅच्युरेशन?"

"सत्त्याण्णव."

"तो निकाल दीजिए. अभी."

हे विष फुप्फुसात जाऊन साचतं आणि ऑक्सिजन मिळाला की आणखी भडकतं, त्यानं सांगितलं. श्वास अगदीच पुरेनासा झाला, तरच तो लावायचा. कोळशाची पूड पाजा, लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवा. उतारा नाही. दुर्गेश्वरीला विश्वास बसेना. तिनं लेखी मागितलं. मोबाईलवर दोन वेगवेगळ्या संस्थांच्या सूचना आल्या. दोन्हींत तेच होतं. तिनं डॉक्टर योगराजना वाचून दाखवलं. "काढा. मी निघालोच," ते म्हणाले.

तिनं मास्कला हात लावला आणि रुख्मिणीनं तिचं मनगट धरलं.

"काऊन काढून राहिल्या?"

"बाई, या औषधात ऑक्सिजननं फुप्फुसं जास्त खराब होतात."

"हवेनं कोनी मरते का? आमी खेड्यातले म्हून काही बी सांगता?"

दुर्गेश्वरीकडे लेखी सूचना होत्या, पण त्या बाईला समजेल असं एकही वाक्य नव्हतं. शेवटी चैतरामनंच मास्क खाली ओढला. "राहू दे ना वो. मले कुठं दम लागून राहिला?" कोळशाचं काळं पाणी त्यानं गटागटा प्यायलं आणि काळे दात दाखवून बायकोला हसवायचा प्रयत्न केला. ती हसली नाही. दुर्गेश्वरीनं मात्र तोंड फिरवलं. हा चालताबोलता माणूस आठवडाभर तरी जगेल याची खात्री नाही, हे त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

नवव्या दिवशी गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात चैतराम वारला. शेवटच्या दिवशी श्वास अगदीच पुरेना, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला होता. रुख्मिणीनं ते पाहिलं आणि आपला हिशेब केला: शेवटी लावलाच, तर आधी काढला कशाला? गावात तेच पसरलं. सिस्टरनं ऑक्सिजन काढला म्हणून चैतराम मेला.

तेराव्यानंतर दुर्गेश्वरी त्या सूचना मराठीत उतरवून त्यांच्या घरी गेली. चैतरामची आई सुशिलाबाई अंगणात धान पाखडत होती. सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, "वाचाले येत नाही, बाई, आमाले." दुर्गेश्वरी कागद घेऊन परत आली.

थंडीत एके सकाळी रुख्मिणी दवाखान्यात आली. कडेवर तिची चार वर्षांची लेक खुशबू, अंगात ताप, छातीत घरघर. टेबलाशी दुर्गेश्वरी दिसताच ती दारातच थांबली.

"रीता सिस्टर नाही का?"

"आहे. बोलावते."

तिनं रीताला हाक मारली, खुर्ची मोकळी केली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बाकावर बसली. आतून पोरीचा खोकला ऐकू आला, मग भरभर चाललेला श्वास. दुर्गेश्वरीनं मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि बसल्या जागेवरून ते श्वास मोजू लागली.