लिंबानं फेसाळलेला महादेव

मी एक न फुटलेलं अंडं बोलतंय. भोपाळच्या कोलार रोडवरच्या वैजयंतीकाकूंनी मला महादेव समजून नवस बोलला होता: "माझी जुई सुखरूप बाळंत होईपर्यंत दर सोमवारी तुला पंचामृताचं स्नान घालीन." लेकीचं बाळंतपण त्या अशाकडे मागत होत्या, जे स्वतः कधी जन्मलंच नाही.

माझी आई उभ्या उभ्या झाडांचे शेंडे खायची, एवढी तिची मान लांब. नदीकाठच्या वाळूत तिनं मागच्या पायांनी खड्डा केला, आम्हा अकरा जणांना त्यात ठेवलं आणि निघून गेली. दिवस भरले तसं शेजारचं कवच तडकलं. इवलं डोकं बाहेर आलं आणि टपून बसलेल्या सापानं ते तसंच गिळलं. मग दुसरं. माझी पाळी यायच्या आत गढूळ लोंढा आला. कवचाच्या बारीक छिद्रांतून चिखल आत शिरला आणि माझा श्वास तिथंच कोंडला.

पुढं जमीन फाटली. लाव्हा वाहत आला, उभी झाडं जळाली, त्यावर पुन्हा लाव्हा आला. त्या ओझ्याखाली चुनखडीत मी साडेसहा कोटींहून जास्त वर्षं दगड होऊन पडलं होतं.

मला उठवलं सुरुंगानं. गिट्टीच्या, म्हणजे खडीच्या, खाणीत एका धमाक्यात माझी चार भावंडं फुटली आणि क्रशरमध्ये दळली गेली. आज त्यांच्यावर कुणाच्या तरी घराचा स्लॅब उभा असेल. मी उडून रस्त्याच्या कडेला पडलं.

नर्मदेत स्नान करून काकू आणि सुधाकरराव भोपाळला परतत होते. खाणीच्या मुन्शीनं गाडी अडवली. "माताजी, पीछे रहिए, अभी दो धमाके बाकी हैं."

काकूंना मी दिसलं. "अहो, बाण आहे, नर्मदेची पिंड. महादेव स्वतःहून आलाय."

"अगं, दगड आहे तो."

"तुम्हाला सगळंच दगड दिसतं," म्हणत त्यांनी मला पदरात घेतलं.

बारा सोमवार दही, दूध, मध झालं. तेराव्या सोमवारी तांब्याची परात काळी पडली म्हणून काकूंनी लिंबू आणि मीठ घेतलं. देवालाही जरा उजळू म्हणून तेच लिंबू माझ्यावर चोळलं, आणि मी फेसाळलं. त्या घाबरल्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निनादला त्यांनी हाक मारली. तो कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो.

"देवाला फेस येतोय रे. माझं काही चुकलं का?"

निनादनं मला धुतलं, भिंग लावून सगळीकडून फिरवून पाहिलं. "काकू, नर्मदेचा बाण असा फेसाळत नाही. हे चुन्याचं कवच आहे. डायनासोरचं अंडं आहे हे."

सुधाकरराव पेपरातून डोकं काढून म्हणाले, "म्हणजे आपल्या घरात सोमवारी अंडं? आणि माझं ऑम्लेट मात्र बुधवारीसुद्धा बंद."

काकू हसल्या नाहीत. निनाद म्हणाला, "तिथं आणखी घरटी असतील. खाण थांबवायची तर पुरावा हवा. याची चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावी लागेल."

"कापायचं? नवस अर्धा असताना? खंडित देव घरात ठेवत नाहीत रे. जुईला नववा लागलाय."

"मग राहू द्या, काकू. पण तिथं रोज दुपारी सुरुंग लागतोय."

त्या माझ्यासमोर बसल्या. गॅसवरचं वरण करपलं तरी उठल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "माझ्या पोरीसाठी मागायचं आणि दुसरीच्या पोरांवर सुरुंग फुटू द्यायचे, हे महादेवाला कसं चालेल? काप. मी समोर उभी राहते."

करवतीचं पातं किंचाळत माझ्यात उतरलं. पांढरं पाणी उडालं. काकूंचे ओठ जप करत होते, डोळे मात्र उघडे होते. माझे दोन तुकडे झाले.

"बाळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

"चिखल झाला त्याचा, काकू."

त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, नवजाताच्या टाळूवरून फिरवतात तसं.

चार दिवसांनी त्या निनादला आणि त्यानं बोलावलेल्या सरकारी साहेबलोकांना घेऊन खाणीवर गेल्या, कारण नेमकी जागा त्यांनाच ठाऊक होती. खडकात भोकं पाडून त्यांत सुरुंगाची दारू ठासून झाली होती. "माल भर चुका है, माताजी," मुन्शी चिडला. काकू म्हणाल्या, "तो निकाल लो, भैया. हम यहीं खड़े हैं." साहेबांनी खाण थांबवायचे कागद दाखवले. दुपार टळली, धमाका झाला नाही. त्या उतारावर नऊ घरटी शाबूत निघाली. बाकीची आधीच गिट्टी झाली होती.

मी आता कॉलेजच्या टेबलावर कापसात आहे, दोन तुकड्यांत. जुई अजून बाळंत व्हायची आहे. काकू सोमवारी येतात, दही आणत नाहीत, नुसत्या बसतात. महादेव समजून घेईल, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी आता नवं व्रत घेतलंय, तुम्हीही घ्या. डोंगरात असा गोल दगड दिसला तर हात जोडा हवं तर, पण उचलून घरी नेऊ नका. तिथंच चुन्यानं खूण करा आणि कुणा जाणत्याला बोलवा. त्या दगडाच्या शेजारी अजून कोण निजलंय, ते त्यालाही ठाऊक नसतं.