सतरा चोक अडुसष्ट

मित्रांनो, नऊ इंचांचा व्यास, पत्र्याची तीन पाती आणि मागे एक मोटार, एवढंच माझं शरीर. मी बाथरूममधला जुना एक्झॉस्ट फॅन. आता गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली पडून असतो. इथे कसा आलो, ते घडलं त्याच क्रमाने सांगतो.

हिंगण्याच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. या घरच्या अमोलने मला जरीपटक्याच्या बाजारातून आणलं आणि बाथरूमच्या भिंतीत, छतापासून वीतभर खाली बसवलं. समोरच्या भिंतीवर गॅसचा गिझर होता. त्याची ज्योत निळी. तिचा धूर आणि पाण्याची वाफ बाहेर फेकायची, हे माझं काम. बारा वर्षं मी ते केलं. अमोलची आई सुभद्राबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या बाथरूममंधी ओल म्हणून नायी." तेवढं कौतुक मला पुरत असे.

गेल्या नोव्हेंबरात माझा दांडा ज्यात फिरतो त्या बुशमधलं तेल आटलं आणि फिरताना मी किरकिरू लागलो.

"सकाळी सकाळी कोणी रडून राह्यलं असं वाटते," सुभद्राबाई सुनेला म्हणाल्या. "बंद करून टाक वं त्याले."

दिपालीने बटण बंद केलं. अमोल म्हणाला, "रविवारी रुपरावले बोलावतो." रुपराव हा गल्लीतला इलेक्ट्रिशियन. तो रविवार गेला. पुढचे चारही गेले.

थांबलो तेव्हा मला पहिल्यांदाच खाली नीट पाहता आलं. ज्योत पिवळी पडली होती. गिझरच्या वर भिंतीवर काजळीचा एक डाग उमटला होता. तो रोज थोडा वर चढे. डिसेंबरच्या मध्याला त्याला खांदे आले. मग मोकळे केस.

दिपालीचं डोकं दुखू लागलं. आंघोळ करून बाहेर आली की तिला मळमळायचं. सुभद्राबाई एकदा तांब्या हातात धरून गर्रकन मागे वळल्या. मागे कुणी नव्हतं.

"आई, तुमाले पण तसंच होते का?"

"छातीवर कोणी हात ठेवून राह्यते. आन् भिंतीवरची ती बाई पाह्यली का तू? काल एवढी नव्हती."

"काजळी आहे ती."

"मंग घास नं."

दिपालीने घासली. तिसऱ्या दिवशी बाई परत आली.

"तिले म्हणा, लाइनमंधी उभी राह्य," अमोल टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला. "माझी कंपनीची बस सुटते."

संध्याकाळी सुभद्राबाईंनी माझ्या जाळीला लिंबू-मिरची बांधली. "ते ह्या भोकातून येते," त्या म्हणाल्या. आईच्या समाधानासाठी अमोलने बाहेरून पुठ्ठा लावून चारही बाजूंनी टेप चिकटवली. माझ्या पात्यांमधून जी थोडी हवा खेळत होती, तीही थांबली. जे बाहेर जायला हवं होतं, ते आत येऊ नये म्हणून त्यांनी त्याची वाट बंद केली. मी हे पाहत होतो. पण मला आवाज फुटतो तो फक्त फिरताना.

नऊ जानेवारीला अमोलची मुलगी दामिनी हिच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. सकाळी सहा चाळीसला ती केस धुवायला आत आली. दहा वर्षांची पोर, भिंतीकडे पाठ करून बसली. आजी दाराबाहेर स्टूल टाकून बसली होती.

"कडी लावू नको वं. पाढे म्हणत राह्य, मले आयकू येऊ दे."

दामिनी बारापासून म्हणू लागली. पंधरापर्यंत आवाज खणखणीत होता. सोळाला जड झाला. गिझर भडभडत होता, वाफेत भिंतीवरची बाई हलल्यासारखी दिसत होती.

"सतरा चोक अडुसष्ट," दामिनी म्हणाली. "सतरा चोक अडुसष्ट. सतरा चोक..."

मग फक्त पाण्याचा आवाज.

"पुढं," बाहेरून आजी म्हणाली. "दामिनी, पुढं."

सुभद्राबाईंनी दार ढकललं. त्यांना भिंतीवर काय दिसलं ठाऊक नाही, पण त्या आत शिरल्या आणि पोरीला काखेत धरून अंगणात ओढत नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, गिझरमुळे बंद खोलीत विषारी वायू साठला होता. त्याला रंग नसतो, वास नसतो. कडी लावली असती तर पोर हाती लागली नसती.

तिसऱ्या दिवशी दामिनी घरी आली. त्याच दुपारी रुपराव आला. त्याने बाहेरचा पुठ्ठा फाडला.

"हे काहून चिटकवलं गा, अमोलभाऊ?"

उत्तर सुभद्राबाईंनी दिलं. "म्या सांगितलं होतं."

रुपरावने मला उतरवलं, बुशमध्ये तेलाचे दोन थेंब सोडले. मी फिरलो. "फिरते, पण भरवसा नायी," तो म्हणाला. "नवा लावा. आन् गिझर आधी बाहेर काढा." दोन्ही झालं. भिंतीला चुना लागला.

मित्रांनो, यंत्र कुरकुरलं तर त्याला गप्प करू नका, काय दुखतं ते पाहा. गॅस जळतो तिथे हवेची वाट अडवू नका. माझं मागणं एवढंच.

नवा फॅन अगदी मुका आहे. तो फिरतो की थांबला, मला इथून कळत नाही. वारा आला की माझी पाती जराशी हलतात आणि किरकिरतात. ती थांबली की मी खाली कान लावतो. दामिनी अजून पाढे म्हणत आंघोळ करते, आजी अजून बाहेर स्टूलवर बसते. सतरा चोकला पोरगी रोज अडते.

"पुढं," आजी म्हणते.

मी वाट पाहतो.

"सतरा पंचे पंच्याऐंशी."