साहेबांच्या पाठीचं माप

कोटांच्या त्या कारखान्यात मागच्या खोलीला कुलूप नव्हतं, कारण आपणहून तिथे जायची कुणाची छातीच नव्हती. खोलीत एक लाकडी पुतळा उभा असे. त्याला डोकं नव्हतं, बाकी सगळं होतं, आणि सगळे त्याला ‘साहेब’ म्हणत; तेही हळू आवाजात. रीत अशी, की ज्याला कात्री हवी, म्हणजे कापड कापायचं काम हवं, त्याने साहेबांना कोट शिवून घालायचा. बसला तर कात्री तुमची. नाही बसला तर मुकाट्याने आपल्या जागेवर जायचं. ऐकायला काय, लाकडाला कोट घालायचा, त्यात कसली मर्दुमकी? पण म्हातारे मास्तर सोडले तर त्या पुतळ्याला कुणाचाच कोट आजवर बसला नव्हता.

काजवालीला मात्र कात्री हवीच होती. दुसऱ्याने कापलेल्या, तिसऱ्याने शिवलेल्या कोटांना काजं करण्यात तिचं सगळं तारुण्य गेलं होतं. आता सुईत दोरा ओवायलाच घटका जायची. त्यात मास्तर काम सोडणार होते, आणि मालकांनी सांगूनच टाकलं होतं की इथलं कुणी तयार झालं नाही तर कात्री बाहेरच्याला देऊ आणि काजांना मशीन आणू. म्हणजे काजवालीने पिशवी उचलायची आणि घरी बसायचं. का म्हणून बसायचं?

पहिला कोट तिने जिवाचं रान करून शिवला. घालायला गेली तर पाठीत घट्ट आणि पुढून नुसता बोंगा! इस्त्रीवाला दाराबाहेरूनच हसला. "वैनी, मीही करून बसलोय हा उद्योग," तो म्हणाला. "साहेबांनी हाकललं की गपचूप निघावं. जास्त लाडात येऊ नये त्यांच्या."

"तुम्ही इस्त्रीकडे बघा, काहीतरी जळतंय," काजवाली म्हणाली. तो बिचारा धावतच गेला.

तिने पुन्हा माप घेतलं. पाठ पुढच्या भागापेक्षा लांब भरली. लाकूड ओलीने फुगलं असेल, तिने मनाशी म्हटलं. असली पाठ माणसाची असते का कुठे? खडूने आखताना तिने तो फुगवटा सरळ करून टाकला, अगदी सफाईने. तो कोटही बसला नाही. त्यानंतरचाही नाही. मग एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, कुठे चुकतंय ते हाताने चाचपावं म्हणून तिने साहेबांच्या पाठीवर तळवा ठेवला.

पाठ कोमट होती. आणि तळव्याखाली ती सावकाश वर आली, तशीच सावकाश खाली गेली.

काजवालीची पाचावर धारण बसली. टेप तिथेच टाकून ती जी पळाली ती थेट घरी. घरी धाकटी बहीण होती. दोघीच राहायच्या. सगळं ऐकून धाकटीचाही चेहरा उतरला.

"ताई, आग लाव त्या कात्रीला. आपल्याला काय कमी आहे?"

काजवालीला रडू फुटलं. "मला हवंय गं ते! लोकांच्या कोटांना भोकं पाडता पाडता मला नाही मरायचं. एक तरी कोट माझा म्हणून उभा राहू दे ना!"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या खोलीत गेली. भीती गेली होती असं कुणी समजू नये. टेप टाकला होता तिथे नव्हता. साहेबांच्या खांद्यावर नीट घडी करून ठेवलेला होता. तिने तो उचलला, पुतळ्याला दोन्ही हातांनी कवेत घेतलं, तो श्वास घेईल तेव्हा थांबली, सोडेल तेव्हा थांबली, आणि जे माप भरलं ते भरलं तसं पाठ केलं. डावा खांदा उतरता. पाठ लांब, पुढचा भाग आखूड. मान पुढे आलेली. असल्या ध्यानाला कोट तरी कसा बेतायचा, असं पुटपुटतच ती घरी आली आणि एकेक माप बोलत कापडावर खुणा करू लागली.

धाकटी ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "अगं, हे तुझंच माप आहे."

"काहीतरीच काय!"

"तुझे कपडे कोण बेततं? मीच ना?" स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, हात वर केला की ते बिघडतंच; म्हणून काजवालीचे कपडे धाकटीच शिवायची. "आणि पाठीचं म्हणशील तर... तुला वाईट वाटेल म्हणून मी कधी बोलले नाही, ताई."

काजवाली खाली बसली. आपण ताठ चालतो अशीच तिची आजवर समजूत होती. काजांवर वाकून वाकून पाठीचं हे असं झालं आणि आपल्याला पत्ताही नाही! तिला स्वतःची लाज वाटली, मग राग आला, आणि राग ओसरल्यावर तिने कात्री उचलून कापड त्या वाकलेल्या पाठीबरहुकूम कापलं. या वेळी एकही रेघ सुधारली नाही.

कोट घालायच्या वेळी मास्तर सोबत आले. तिने बाह्या चढवल्या, बटणं लावली. पाठीवर एक चुणी नाही. कोट छातीशी अलगद फुगला, खाली बसला, आणि मग साहेब नुसतंच लाकूड होऊन उभे राहिले.

मास्तरांनी आपल्या अंगातला कोट काढला. कोटाशिवाय त्यांना कुणीच कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा उजवा खांदा चांगला तीन बोटं वर होता.

"माझ्या वेळी साहेबांचा खांदा असा होता," ते म्हणाले. "इस्त्रीवाल्याने काय, बाकीच्यांनी काय, माप सगळ्यांनी बरोबरच घेतलं होतं हो. घेतलं आणि खडूने सुधारलं."

"मास्तर, इथली भीती जाते का कधी?"

"कसली जातेय! पण हात थरथरत नाही मग." त्यांनी कात्री तिच्या हातात दिली आणि कोट न घालताच बाहेर गेले.

काजवालीचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक गुबगुबीत गृहस्थ. पोट आत ओढून, छाती काढून, लढाईला निघाल्यासारखे उभे राहिले. तिने टेप गुंडाळला आणि थांबली.

"सोडा हो पोट. रोज असता तसे उभे राहा. इथे कुणी हसत नाही."

गृहस्थ लाजले. हळूच त्यांनी श्वास सोडला. त्याच क्षणी मागच्या खोलीतूनही कुणीतरी तसाच लांब श्वास सोडला, आणि गृहस्थांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आत कोण आहे हो?"

"साहेब आहेत. हलू नका," काजवाली म्हणाली, आणि टेपवर आलं होतं तेवढंच माप तिने लिहून घेतलं.