सगळ्यात वाईट नेटवर्क कुठलं?

नखाएवढं ते सिम तिच्या तळहातावर होतं, एक कोपरा कापलेलं. उडून जाईल म्हणून ती श्वाससुद्धा बेतानं घेत होती... की उडालं तर बरंच, असं मनात होतं म्हणून?

दुकानदार तिच्या लेकीला समजावत होता. या कंपनीचा रोजचा डेटा जास्त, पण भिंतीआड गेलं की रेंज जाते. त्या कंपनीचा डेटा जरा कमी, पण टॉवर तुमच्या मागच्याच इमारतीवर, आजी न्हाणीघरातूनसुद्धा बोलतील. लेक मान डोलवत होती. परगावाहून ती मुद्दाम यासाठीच आली होती. सकाळी दोन कंपन्यांचे दोन फोन दोन हातांत धरून ती घरभर फिरली — पलंगापाशी, कपाटात डोकं घालून, भूत शोधावं तशी — आणि म्हणाली, असल्या नेटवर्कवर इतके दिवस काढलेस तरी कसे?

काढले. मजेत काढले. आणि हे लचांड माझं मीच ओढवून घेतलंय, दुसऱ्या कुणाला काय बोलू? गावभर सांगत सुटले की टॉवरवर कबुतरं बसतात, त्यांच्या पायांखाली माझा आवाज चेंगरतो. मांजर आडवं गेलं की रेंज त्याच्या मागे पळते. इतकं रंगवून सांगितलं की लेकीला ते खरं वाटलं. थापेला पाय नसतात म्हणे — माझ्या थापेला चाकं होती.

लेकीची मुलगी शाळेतून आली की रोज दुपारी फोन करायची, गोष्टीसाठी. पहिल्यांदा ते झालं तेव्हा गोष्ट ऐन रंगात होती, आणि पुढे काही नव्हतंच. विसरणं तिला माहीत होतं, जिभेच्या टोकावर असतं ते. हे तसं नव्हतं. जिना उतरताना पाय पुढे टाकावा आणि खाली पायरीच नसावी, तसं... तेव्हा तोंडातून आपोआप निघालं होतं, हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय गं. मग तेच सोपं पडत गेलं. आधी कधीतरी. मग बऱ्याचदा.

शेजारणीचंही असंच सुरू झालं होतं. तिच्या मुलाच्या लक्षात आलं, आणि घराला कुलूप लावून तो तिला घेऊन गेला. चांगलं सांभाळतात, नाही असं नाही. पण सगळे तिच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलतात. भेटायला गेले तेव्हा — मीसुद्धा तशीच बोलले.

"सगळ्यात वाईट नेटवर्क कुठलं हो तुमच्याकडे?" तिनं मध्येच विचारलं.

दुकानदार हसला. "ते तर तुमच्या फोनमध्येच आहे, आजी."

लेकही हसली, आईचं हे असंच, म्हणाली. तळहातावरचं सिम उचलून दुकानदारानं फोनमध्ये सरकवलं. आधी बोलून बघा, पटलं तर घ्या. लेकीनं लगेच आपल्या घरचा नंबर लावला आणि फोन आईच्या हातात दिला.

कानात एकदम सगळं घरच आलं. पंख्याची घरघर, कपात फिरणारा चमचा, नातीचं नाक ओढणं. इतकं स्वच्छ की लपायला कोपरा नाही.

"आजी, कावळ्यानं पोस्टमनची सायकल पळवली. मग कुठे नेली?"

पुढचं उद्या सांगते, असं कालच म्हटलं होतं. कावळा होता, सायकल होती, घंटी वाजत आभाळातून चालली होती... आणि पुढे नुसतं आभाळ. तिनं डोळे मिटले. लेक समोर उभी होती, कौतुकानं बघत. हॅलो म्हणावं, तर स्क्रीनवरच्या रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, लेकीनं आत्ताच बघितलेल्या.

पंखा घरघरत राहिला. चमचा थांबला.

"आजी," नात हळूच म्हणाली, "तुझी रेंज गेली वाटतं. असू दे. उद्या आपण दोघी मिळून शोधू सायकल."

फोन बंद झाला.

तिनं तो कानाशी तसाच धरून ठेवला. मागचे फोन एकेक करून आठवू लागली — आवाज तुटल्याचं त्यातलं पहिलं हॅलो माझं किती वेळा होतं, आणि तिचं किती वेळा? मी लपत होते, की ती पोर मला लपवत होती... आणि कधीपासून? लाज वाटायला हवी होती. तिनं वाट पाहिली. ती आली नाही. छातीत काहीतरी सैल झालं होतं, आणि त्याच जागी दुखतही होतं.

"काय गं, नीट ऐकू आलं?" लेक विचारत होती. "हेच घ्यायचं ना?"

"आलं," ती म्हणाली. "सगळं ऐकू आलं." आणि फोन अजून तिच्या कानालाच होता.