शनिवारचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना, लोखंडी, तारखेचा शिक्का आहे. नाक मुरडू नका. शिक्का म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पोस्टातला तो काळपट ठोकळा येतो, हे मला ठाऊक आहे. मी तसला नव्हे. माझी मूठ अक्रोडाच्या लाकडाची आहे, अंगावर हिरवा रंग आहे (होता, असं म्हणा) आणि पोटात चार रबरी पट्ट्या आहेत: एक महिन्याची, दोन तारखेच्या, एक सालाची. त्यांच्या वर कोरलंय, ‘मिळाले’. बस्स, एवढाच शब्द. पण या एका शब्दावर मी सव्वीस वर्षं एका कारखान्यात राज्य केलंय.

माझा जन्म शिकागोचा. तिथून मला खोक्यात घालून विस्कॉन्सिनमधल्या बर्च लेक गावी आणलं, लिंडक्विस्ट यांच्या दारं-खिडक्यांच्या कारखान्यात. आर्लीन टोलेफसन नावाच्या बाईने मला खोक्यातून काढलं आणि हातात तोलून बघितलं. "वजनदार आहे," एवढंच ती म्हणाली. आमची जोडी त्याच दिवशी जमली.

आर्लीनचं काम काय, ते ती सांगायची तसं सांगतो, म्हणजे कंटाळा येणार नाही. कारखान्यात तीनशे माणसं. त्यांचा आजारपणाचा विमा, म्हातारपणाची पुंजी, कोण गेलं तर मागे कोणाला काय मिळायचं, हे सगळं तिच्या टेबलावर. लोक लाकडाचा भुसा झटकत यायचे आणि विचारायचे. माझा घटस्फोट झालाय, मग विम्याच्या कागदावर अजून तिचंच नाव कसं? मुलगा सव्वीसचा झाला, आता तो माझ्या विम्यात राहतो का? पुंजीतून घराच्या छपरासाठी उचल मिळते का? आर्लीन प्रत्येकाला अर्ज द्यायची. तो भरून आला की मला उचलायची आणि धाडकन! त्या आवाजानंतर माणसाचा चेहरा कसा निवायचा म्हणून सांगू! आमच्या योजनेच्या नियमपुस्तकात काळ्यावर पांढरं, चुकलो, पांढऱ्यावर काळं लिहिलेलं होतं की अर्ज मिळाल्याची तारीख म्हणजे कार्यालयाच्या शिक्क्याची तारीख. म्हणजे माझी! मालकाची नाही, घड्याळाची नाही, माझी.

रोज सकाळी आर्लीन कोट काढायच्या आधी माझी पट्टी एक घर पुढे फिरवायची. दर शनिवारी आणि रविवारी आम्ही दोघंही सुट्टीवर. वर्षातून एकदा ती जुन्या दातांच्या ब्रशने माझे आकडे घासायची. पुढे पुढे तेही राहून गेलं. कामं वाढली, आणि मीही कधी कुरकुर केली नाही. तारखेचा शेवटचा आकडा उमटवणारी एकंची पट्टी ताणली गेली होती, तिचे दात झिजले होते. पण मी ती घट्ट धरून ठेवायचो. अभिमान होता ना!

आणि मग तो आला.

पांढरा शुभ्र, सपाट, गुळगुळीत. स्कॅनर. धाकटे मालक, रस लिंडक्विस्ट, यांनी तो स्वतः उचलून आणला आणि कुठे ठेवला माहीत आहे? आर्लीनच्या उजव्या हाताशी, माझ्या जागेवर! मला डावीकडे सरकवलं, टाचण्यांच्या डबीशेजारी. मित्रांनो, आर्लीन डावखुरी असती तर मी काही बोललो नसतो.

मला त्याचा किती हेवा वाटायचा, हे लपवून काय उपयोग? तो कागद गिळायचा तेव्हा एक निळी रेघ चमकायची आणि लोक ‘वा’ म्हणायचे. माझ्या धाडकन आवाजाला आता लोक दचकायचे. तो कधी थकायचा नाही, शाई मागायचा नाही. त्याच्यावर धूळ बसली तर आर्लीन खास मऊ फडक्याने पुसायची. फडकं! मला सव्वीस वर्षांत फडकं मिळालं नव्हतं. तो बिघडावा म्हणून मी देवाला काय काय बोललो असेन, ते तुम्हा मुलांना सांगण्यासारखं नाही.

रस येता-जाता म्हणायचा, "आर्लीन, तुमचा तो हातोडा एखाद्या संग्रहालयाला देऊन टाका." आर्लीन हसायची. पूर्वी ती अशा थट्टेवर हसत नसे.

सव्वीस वर्षांत मी खूप माणसं पाहिली, पण गोष्ट सांगायची ती चेंग शियाँगची. करवतीवर काम करणारा पंचविशीतला पोरगा, मूळच्या लाओसकडच्या ह्मोंग समाजातला. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, म्हणून तो आर्लीनला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायचा. तिला आधी वाटलं, पोरगा टिंगल करतोय. नंतर कोणी नुसतं आर्लीन म्हटलं तर तिलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

सप्टेंबरच्या सत्तावीस तारखेला चेंगला मुलगी झाली. पा हुआ. तिच्या इवल्याशा हृदयाला एक भोक होतं. डॉक्टरांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरवली आणि सांगितलं, थांबायचं नाही. नियम असा की बाळ जन्मल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याचं नाव विम्यात घालायचा अर्ज द्यायचा. दिला नाही, तर थेट पुढच्या वर्षी.

आता चेंगच्या घरीही तीस दिवसांचाच नियम होता. बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, पाल्याचा वास असलेला कोंबडीचा गरम रस्सा आणि भात, तिन्ही त्रिकाळ तेच. रस्सा करायला चेंग. त्यात त्याची पक्की समजूत अशी की बाळाचं सरकारी क्रमांकाचं कार्ड आल्याशिवाय अर्ज करताच येत नाही. रोज कामावरून घरी, घरून पत्रपेटीकडे, पत्रपेटीकडून चुलीकडे. शेवटी कार्ड आलं, आणि तो धापा टाकत आमच्या दारात उभा राहिला. तारीख ऑक्टोबरची सत्तावीस, शुक्रवार, तिसावा दिवस. चार वाजायला आले होते.

"अरे, कार्डासाठी कोण थांबतं? क्रमांक मागाहून दिला तरी चालतो," आर्लीन म्हणाली. "महिनाभर इथूनच जात होतास ना, एकदा विचारायचंस तरी."

"विचारणार होतो मावशी. पण अंगाला कोंबडीचा वास येतो म्हणून लोक हसतात, म्हणून आतच आलो नाही."

ती हसली आणि त्याला बस म्हणाली. तेवढ्यात रस आत डोकावला. सोमवारपासून सगळं स्कॅनरवरच, नियमपुस्तकही बदलायला टाकलंय, आता शिक्क्याची गरज नाही, असं सांगून तो गेलाही. आर्लीनने नुसती मान हलवली. एक शब्द बोलली नाही माझ्या बाजूने!

त्याच क्षणी तिने मला उचललं आणि चेंगच्या अर्जावर दाबलं. आणि माझी एकंची पट्टी सुटली. सुटली की मी सोडली, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण एवढं खरं, की रोज मी धरून ठेवायचो आणि त्या दिवशी धरलं नाही. साताचा आठ झाला. आर्लीनने कागदाकडे न बघता तो स्कॅनरच्या तोंडात दिला. "शुक्रवार आहे, आता मासे खायला मोकळा झालास," ती चेंगला म्हणाली. आमच्याकडे शुक्रवारी सगळं गाव तळलेल्या माशांच्या पंगतीला जातं. चेंग म्हणाला, महिनाभर तो वास घेऊन आपल्याला कोंबडी दिसली तरी पळावंसं वाटतं. दोघं हसत बाहेर पडली.

सोमवारी आर्लीनने सवयीने मला फिरवून तीसवर आणलं. आकडा कुठून सुरू झाला, हे कोण बघतं?

नोव्हेंबरच्या मध्यावर विमा कंपनीचं पत्र आलं. अर्ज एक दिवस उशिरा मिळाल्याचं दिसतं, सबब नाव घालता येत नाही. आर्लीनने कागद काढून बघितला. माझा शिक्का, ठसठशीत, अठ्ठावीस. तिने चेंगला बोलावलं आणि मान खाली घालून सांगितलं की तुला एक दिवस उशीर झाला रे.

चेंगने शिक्क्यावर बोट ठेवून तारीख वाचली. मग म्हणाला, "मावशी, मी इथून थेट मासे घ्यायला गेलो होतो. शनिवारी मासे कुठे मिळतात?"

आर्लीन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. अठ्ठावीस, शनिवार. कार्यालयाला कुलूप. ती स्वतः त्या दिवशी भाचीच्या लग्नात केक कापत होती. तिने संगणकात शोधलं, तर स्कॅनरने त्या कागदाची वेळ टिपलेली: शुक्रवार सत्तावीस, चारला आठ मिनिटं कमी. उद्याची तारीख आज कशी उमटली?

तिने कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई गोड होती पण ताठ. तुमच्याच पुस्तकात शिक्क्याची तारीख खरी असं लिहिलंय, ती म्हणाली. शिक्का बिघडलाय असं दोन माणसांनी डोळ्यांनी बघून लिहून दिलं, तरच विचार करू.

मग आर्लीन मला घेऊन रसच्या खोलीत गेली. रस थोडा बिचकला. शिक्का खोटा असं लिहून दिलं तर वर्षभराचे सगळे अर्ज पुन्हा तपासावे लागतील, तो म्हणाला, आणि बोट तुमच्याकडे दाखवलं जाईल, मावशी. तोही मावशीच म्हणाला.

"दाखवू देत," आर्लीन म्हणाली. "पट्टी सैल झालीय, हे मला वर्षभर कळत होतं. घासायचा कंटाळा मी केला. त्या पोरीने काय केलंय?"

तिने मला सातावर लावलं आणि कोऱ्या कागदावर दाबलं. सात. पुन्हा दाबलं. सात. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. सात, सात, सात. सवयच होती हो! लोकांसमोर मी जीव गेला तरी पट्टी सोडत नसे. रसने खांदे उडवले. "तसा ठीकच दिसतोय," तो म्हणाला. सव्वीस वर्षांत माझं याहून मोठं कौतुक त्याने केलं नव्हतं. दारात चेंग उभा होता, टोपी दोन्ही हातांनी पिळत.

मला सगळं कळत होतं, मित्रांनो. धरून ठेवलं तर माझी अब्रू राहते. सोडलं, तर तो पांढरा गुळगुळीत खरा ठरतो आणि मी कायमचा खोटा. त्याच्या निळ्या रेघेची आठवण झाली आणि माझे दात आणखीनच घट्ट बसले. आर्लीनने सहाव्यांदा मला उचललं. आता तिने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. सव्वीस वर्षांत तिला माझ्यासाठी दुसरा हात कधीच लागला नव्हता.

मी सोडलं.

आठ. रस पुढे वाकला. तिने पुन्हा सातावर लावून दाबलं. पुन्हा आठ. पुढच्या वेळी तर नऊ! एकदा सोडायचं म्हटल्यावर मी हात राखून सोडत नाही. आर्लीनने आणि रसने त्या कागदावर सह्या केल्या, आणि तो कागद कंपनीकडे कोणी पाठवला असेल? स्कॅनरने. निळी रेघ चमकली, आणि मी पहिल्यांदाच मनात म्हटलं, लवकर कर बाबा.

पा हुआचं नाव विम्यात गेलं. डिसेंबरच्या पाच तारखेला तिच्या हृदयाचं भोक बुजवलं. आर्लीनने वर्षभराचे अर्ज पुन्हा तपासले, तीन आठवडे, डबा टेबलावरच खाऊन. आणखी दोन तारखा चुकलेल्या निघाल्या. त्याही तिने कबूल केल्या आणि दुरुस्त करून घेतल्या.

मी आता खालच्या खणात असतो. स्कॅनरचा हेवा गेला का? नाही हो. त्याची घरघर ऐकू आली की अजून थोडं जळतं. पण मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत जे मुकाट्याने काम करतं, मग ते यंत्र असो की माणूस, त्याला अधूनमधून उलटून बघत जा, घासत जा, काही दुखतंय का ते विचारत जा. ते आपण होऊन सांगणार नाही. अभिमानी असतं. आणि कुठला अर्ज द्यायचा असेल तर तिसाव्या दिवसाची वाट बघू नका.

खणात ठेवण्याआधी आर्लीनने मला नव्या मऊ फडक्याने पुसलं आणि मुठीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली. तिच्या गोल अक्षरात लिहिलंय: ‘हा शिक्का चुकतो. वापरू नये.’ मी आयुष्यभर लाखो कागदांवर उमटलो, पण माझ्यावर कोणी काही लिहिलं ते एवढंच. आणि ते अगदी खरं आहे.