धुरजड

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, कमलापूरच्या अलीकडे एका ओढ्याच्या चढावर राजेश्वरच्या देशमुखांची काळी मोटार अडली. एंजिन चालू होतं. मोटारीचा सांगाडा विलायती होता. त्यावरचं सारं अंग भालकीच्या मोनप्पा सुतारानं बांधलं होतं. मोनप्पा माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा. मी त्या मोटारीत होतो.

अण्णा मला आठवतो तो त्याच्या दोन बोटांवरून. नवी बैलगाडी तयार झाली, तिच्यात ज्वारीची पोती चढली, की तो तर्जनी आणि मधलं बोट जुवाखाली घालून गाडीचा पुढचा भाग वीतभर उचली आणि डोळे मिटी. छपराच्या फटींतून उतरलेल्या उन्हाच्या सळ्या बाभळीच्या भुशात रुतलेल्या असत. वाकसाचे, लाकूड तासायच्या त्या हत्याराचे, घाव थांबलेले असत. गाडी नेणारा शेतकरी पागोट्याचं टोक चावत उभा असे. भार मागे गेला तर गाडी उलाळते, चढावर जू वर उचलून बैलांचे गळे आवळते. भार पुढे, धुरेकडे, गेला तर ती धुरजड होते, बैलांच्या माना सोलते. अण्णाचा न्याय ठरलेला होता. उलाळीपेक्षा धुरजड बरी, तो म्हणे. मान सोलली तर हळद लावता येते, गळा आवळला तर बैल जातो. मग तो डोळे उघडी आणि ‘व्हय’ किंवा ‘न्हाई’ म्हणे. तिसरा शब्द त्या अंगणात कुणी ऐकला नाही.

आमचं पटत नव्हतं. मी गुलबर्ग्याला शिकलो आणि सोलापुरात निघणाऱ्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवू लागलो, तेव्हापासून त्याच्या लेखी मी घरातून निघून गेलेला माणूस होतो. सुट्टीत आलो की तो रंध्यावरून मान वर न करता विचारी, “आला का कागद चावणारा?” वैनी पाणी आणून देई. तेवढ्यावर ती भेट संपे.

त्या वर्षी काही जमीनदारांनी मोटारींची शर्यत ठरवली. बीदर ते गुलबर्गा आणि परत, अशा तीन फेऱ्या, एंजिन एकदाही न विझवता आणि बाहेरच्या कुणाचीही ओढ न घेता. देशमुखांनी हैदराबादेतून नुसता सांगाडा आणला, त्याबरोबर सय्यद मिस्त्री आला आणि पावसाळाभर मोटार आमच्या छपराखाली उभी राहिली.

अण्णानं तिला जे रूप दिलं ते सुंदर होतं. हे मी तेव्हा लिहिलं नाही. सागवानाच्या बरगड्या, सांध्यांना बाभूळ, त्यावर ठोकून ठोकून कातड्यासारखा बसवलेला पत्रा. शेपूट मागे निमुळतं होत पाकोळीच्या पंखासारखं मिटलेलं. जवसाच्या तेलात काजळी घोटून त्यानं काळा रंग केला आणि तळहातानं सात थर चोळले. भाद्रपदातलं मळकट आभाळसुद्धा त्यात उजळ दिसे. देशमुखांना दारांवर बिदरी कामासारखी चांदीची वेल हवी होती.

“वेल हुक्क्याला लावा, मालक,” अण्णा म्हणाला. “ही पळायची हाय.”

वेल लागली नाही. देशमुख हसले. सय्यद मिस्त्री हसला नाही, कारण तो त्या वेळी पेट्रोलच्या दोन मोठ्या टाक्यांकडे बघत होता. लांब पल्ल्यासाठी केलेल्या त्या जादा टाक्या अण्णानं पुढे, एंजिनाच्या मागोमाग बसवल्या होत्या. सुटी चाकं पुढे, हत्यारांची पेटी पुढे. मागे फक्त ते देखणं, पोकळ शेपूट.

मिस्त्री शांत माणूस होता. त्याचं दखनी बोलणं संथ, पान खाल्ल्यासारखं. “अण्णा, इस गाडी कू सामने बैलां नै हैं. पीछे के चाकां ढकेलते. वजन पीछे डालो.”

“वाटेत चढ किती हैत, ठाव हाय का? चढाला धूर जड लागती.”

“वो बैलगाडी की बात है.”

“मग मोटार ही गाडी न्हाई का? चार चाकं हैत, का दोनच दिसायलीत तुला?”

अंगणात हशा पिकला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं हुज्जत न घालता, पावसानं निसरड्या झालेल्या परसातल्या उतारावर मोटार चढवून दाखवली. एकदा तशीच; मागची चाकं जागच्या जागी फिरली. मग दोन गड्यांना शेपटावर बसवून. मोटार सरळ वर गेली. मी तिथे होतो, अण्णाही होता. मला मिस्त्रीचं म्हणणं पटलं होतं. एकदा, सर्वांसमक्ष, माझा भाऊ चुकलेला मला बघायचा होता. मी बोललो नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पाटावर मांडतात. वाकस, करवत, पटाशी, रंधा. हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी लाकडाला घाव घालायचा नाही. दसऱ्याला सोनं लुटून झालं की ज्याचं त्यानं आपलं हत्यार उचलायचं आणि नव्या वर्षाचा पहिला घाव घालायचा. पूजा चालू असताना मिस्त्री दारात आला, चपला काढून उभा राहिला आणि शेवटचं म्हणून टाक्यांचं सांगू लागला. देशमुखांची माणसं बसलेली होती, गल्लीतले चार कारागीर होते. अण्णानं निरांजन खाली ठेवलं.

“आईक,” तो म्हणाला. “गाडी चढाला अडली, तर हा वाकस मी पाटावरून उचलणार न्हाई. कधीच न्हाई. आता जेवून जा.”

मिस्त्री जेवला. वैनीनं त्याला पुरणपोळी दोनदा वाढली. दसऱ्याला बाकीची हत्यारं उठली; वाकस, शर्यत व्हायची होती म्हणून, पाटावर राहिला.

शर्यतीत आम्ही तिघं होतो. चाकावर मिस्त्री, शेजारी अण्णा, मागे वहीसह मी. हुमनाबादपर्यंत ती मोटार सर्वांच्या पुढे होती. कारळ्याची पिवळी शेतं दोन्ही बाजूंनी मागे पळत होती, ऊन बोनेटच्या काळ्या रंगावरून पाण्यासारखं सांडत होतं, आणि अण्णा हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, चाकांचा आवाज ऐकत होता. जन्मात प्रथमच तो मला सुखी दिसला. मला ते आवडलं नाही.

परतीच्या पावसानं पुढची सडक ओढ्यापाशी खचली होती. गाड्यांना काळ्या शेतातून वळसा होता आणि वळशाच्या टोकाला चढ. मोटारीचं नाक चढाला लागलं आणि मागची चाकं फिरू लागली. चिखल शेपटावर उडाला, सात थरांवर आठवा बसला. अण्णा आणि मी उतरलो. मागची एक मोटार आली, धडपडत वर गेली. मग दुसरी.

मिस्त्रीनं बाहेर डोकं काढलं. आवाज चढवला नाही. “अण्णा, पीछे बैठो. तुम और भाई, दोनों. निकल जाती.”

मी शेपटावर चढून बसलो. चाकांनी थोडी पकड घेतली, मोटार हातभर सरकली आणि पुन्हा घसरली. आणखी एका माणसाचं वजन हवं होतं. अण्णा मोटारीच्या पुढे गेला, वाकला आणि पुढच्या आडव्या दांडीखाली दोन बोटं घालून उभा राहिला.

“अण्णा, बस की!” मी ओरडलो. त्या दिवशी मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

“तू बसलायस न्हवं,” तो म्हणाला. “बस तसाच.”

तो बसला नाही. एंजिनातलं पाणी उकळेपर्यंत मिस्त्रीनं प्रयत्न केला, मग एंजिन विझवलं. त्या शांततेत दूर कुणीतरी पाखरं हाकत होतं, तेवढं ऐकू आलं.

वाट मोकळी करायला शेजारच्या शेतातला एक म्हातारा बैलजोडी घेऊन आला. त्यानं दांडीला दोर बांधला, जू जोडलं, बैलांना नुसतं चुचकारलं. मोटार एका दमात वर गेली. म्हाताऱ्यानं बैलांच्या मानांवरून हात फिरवला आणि कौतुकानं विचारलं, “लई हलकी वढती की! कुण्या सुतारानं बांधली? अन् असली गाडी असताना तेल कामून जाळायलाव?”

मिस्त्री दुसरीकडे बघू लागला.

माझी बातमी पुढच्या अंकात आली. तिच्यात चौथं वाक्य असं होतं: मोटार धुरजड होती. अण्णाला वाचता येत नव्हतं. शाळामास्तरांनी वाचून दाखवलं. तो काय म्हणाला ते वैनीकडून कळलं. “शब्द तरी बाहेरचा वापरायचा व्हता. घरातला कामून नेला?” त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, आणि मीही त्याला बोलायला लावलं नाही.

युद्धात पेट्रोल मिळेनासं झालं. देशमुखांनी मोटार आमच्या छपराखाली आणून सोडली ती तिथेच राहिली; कोंबड्या तिच्यात अंडी घालत. गाड्या आता आमचा चुलतभाऊ बांधी. अण्णा फक्त बोटं घालून ‘व्हय’ किंवा ‘न्हाई’ म्हणे. हैदराबादची पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी, ज्वारी निसवत असताना, तो तापानं गेला. माणूस गेला की त्याचा आवाज आठवणीतून आधी विझतो म्हणतात. मला मात्र त्याच्या चेहऱ्याचे बारकावे आता आठवत नाहीत, आवाज आठवतो.

दहाव्याला मी छपराखाली गेलो. मोटारीवरची धूळ बोटभर होती. दोन्ही टाक्या शेपटात होत्या, मागच्या आसाच्या वर, बाभळीच्या नव्या बैठकीवर घट्ट आवळलेल्या. सुटी चाकं आणि पेटीही मागे होती. पुढच्या जुन्या बोल्टांची आठ भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवली होती आणि इतकी सपाट केली होती की बोटाला सांधा लागत नव्हता. हे कधी झालं ते वैनीला माहीत नव्हतं, चुलतभावालाही नव्हतं. हैदराबादला पत्र टाकून विचारलं. हात आपला नाही, असं मिस्त्रीनं उलट टपाली कळवलं.

बैठकीच्या लाकडावरचे घाव आखूड आणि अरुंद होते, सगळे पटाशीचे; असलं काम एरवी वाकसाचं. वाकस पाटावर होता. त्याच्या पात्यावर हळदकुंकवाचे थर साचून वाळलेले होते, आणि धारेवरचा थर कुठेही तुटलेला नव्हता.