अर्धा मोर

“सर, आपणच काढलेली डिझाइनं दुसऱ्या सॉफ्टवेअरनं उघडली, तर ती चोरी होते का हो?”

हे विचारून दाखव, अशी माझ्या मैत्रिणींनी, ऋतुजा आणि शिवलीलानं, पैज लावली होती. कॉलेजचे बसलिंगप्पा सर आमच्या शाळेत कॉम्प्युटरवर बोलायला आले होते. एरवी मी हजेरीसुद्धा पुटपुटत देणारी! पण उठले. प्रश्न आमच्या घरचाच होता ना.

माझे पप्पा सोलापूरच्या भवानी पेठेत चादरींची डिझाइनं करतात. त्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, सॉफ्टवेअरवाली कंपनी तर आधीच बंद झालेली. अकरा वर्षांचे मोर, वेली, कोयऱ्या एका पेनड्राइव्हमध्ये होत्या, पण दुसऱ्या कशातच उघडेनात. पप्पा पुन्हा पहिल्यापासून आलेखाच्या कागदावर एकेक चौकट भरत बसले होते.

सर हसले नाहीत. “डिझाइन पप्पांचं, मग चोरी कसली?” म्हणाले, आणि एक फुकट प्रोग्रॅम दाखवला. कुणा अनोळखी बाईंनी असल्याच फाईली वाचायला लिहिलेला. वापरा, बदला; पण बदललेला दुसऱ्याला दिलात तर कोडही द्या आणि त्यालाही हीच मुभा द्या, एवढीच अट.

घरी पहिली फाईल उघडली. मोर आला, पण अर्धाच! एक डोळा, अर्धा पिसारा. मी रडकुंडीला आले. “पप्पा, अर्धं उडालं!”

पप्पा पोट धरून हसले. “येडे, अर्धाच काढतो की मी! दुसरा अर्धा माग उलटा करून विणतोय.”

आई म्हणाली, “जन्मापासून चादर पांघरती, आन् माग बघितला न्हाय इंजिनियर बाईंनी!”

मग सरांना विचारत विचारत चार दिवसांत मी प्रोग्रॅममध्ये एक बटण घातलं. दाबलं की अख्खा मोर! पप्पांनी ते सात वेळा दाबलं. डोळे पुसले, पण चष्मा पुसतोय असं दाखवत.

काल शेजारचे गुरुकाका आले. त्यांच्याही फाईली अडकलेल्या. ते गेल्यावर पप्पा म्हणाले, “प्रोग्रॅम दे त्यांना, कोड राहू दे आपल्यापाशी. लई मेहनतीचं बटण हाय तुझं.”

मी म्हटलं, “त्या बाईंनीही असंच केलं असतं तर? सोलापूर कुठं आहे हेसुद्धा त्यांना माहीत नसेल, पप्पा. तुमचे मोर त्यांच्यामुळं परत आले. आई, तूही ऐक. मी गुरुकाकांना कोडसकट देणार. त्या बाईंनाही पाठवणार, सगळ्यांसाठी. सोबत तुमचं नाव लिहिणार, ‘मोर: सिद्धप्पा, भवानी पेठ, सोलापूर’. आणि त्या बाईंसाठी एक चादर बाजूला काढून ठेवा. अख्ख्या मोराची.”